साहित्यसंस्था कोणाची? निमंत्रण आणि निर्णय यांतलं अंतर

(पारनेर येथील व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय कागदावर जरा जड वाटतो : 'साहित्यसंस्थांमधील समता, विविधता आणि समावेशन'. हे तीन शब्द हल्ली मोठ्या कंपन्यांच्या अहवालांत दिसतात, त्यामुळे आपल्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या माणसाला वाटतं, हे आपल्यासाठी नाही. आपली संस्था ती केवढी! एक वाचनालय, वर्षाला दोन कविसंमेलनं, एखादी व्याख्यानमाला, फार तर एक पुरस्कार. पण या तिन्ही शब्दांचा खरा कस लागतो तो छोट्या संस्थेतच, असं माझं म्हणणं आहे. कारण तिथे कार्यकारिणीतली सात माणसं बदलली, की सगळी संस्था बदलते.

आधी शब्द सोपे करून घेऊ. विविधता म्हणजे सभागृहात कोण कोण बसलं आहे. समावेशन म्हणजे त्यांचं म्हणणं निर्णयात उतरतं का. आणि समता म्हणजे काय? सगळ्यांना सारखं देणं, असं आपण चटकन म्हणतो. ती समानता झाली. समता त्याच्या पुढे जाते.

आपला हा दुष्काळी टापू आहे, म्हणून पाण्याचं उदाहरण देतो. 1972च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचं काम उभं केलं. तिथला नियम बघा. पाणी जमिनीच्या हिशेबाने द्यायचं नाही, माणसांच्या हिशेबाने द्यायचं. घरात जितकी माणसं, त्या प्रत्येकामागे अर्ध्या एकराचं पाणी आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. ऊस लावायचा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्याला जमीनच नाही त्यालाही पाण्यात वाटा. आता कुणी विचारेल, भूमिहीनाला पाणी कशाला? पण पाणी सगळ्यांचं आहे असं एकदा मानलं, की जमीन नसणं हे त्याला वगळण्याचं कारण होऊ शकत नाही.

साहित्यसंस्थेत नेमकं हेच उलटं होतं. ज्याच्याकडे आधीच 'जमीन' आहे, म्हणजे छापलेलं पुस्तक आहे, शहरात ओळख आहे, प्रमाण मराठी आहे, संध्याकाळी मोकळा वेळ आहे, त्यालाच व्यासपीठ, मानधन आणि मत मिळतं. नियम सगळ्यांना सारखाच असतो. 'एक पुस्तक प्रकाशित असावं' हा नियम कुणाचं नाव घेऊन कुणाला वगळत नाही. पण तो कुणाला वगळतो, हे यादी काढली की लगेच कळतं.

हा प्रश्न आजचा नाही. 1878 साली पुण्यात लोकहितवादी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने ग्रंथकारांची पहिली सभा भरली. आज आपण ज्याला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन म्हणतो, त्याची सुरुवात तिथून मोजतात. दुसरी सभा 1885 साली झाली. तिचं निमंत्रण महात्मा फुल्यांना गेलं होतं. हे लक्षात ठेवा, बोलावलं नाही अशी तक्रार नव्हती. निमंत्रण होतं. फुल्यांनी पत्र लिहून नकार दिला. त्या पत्राचा आशय थोडक्यात असा : तुमच्या ग्रंथांत आणि तुमच्या वागण्यात आमच्या माणसांच्या हक्कांना जागा नाही. मग आम्ही तुमच्या सभेत येऊन बसल्याने काय साधणार? आमचं आम्हालाच बघावं लागेल.

ते पत्र छापलं 'ज्ञानोदय'ने. आणि 'ज्ञानोदय' सुरू झालं 1842 साली आपल्या अहमदनगरमधून. त्याच 'ज्ञानोदय'मध्ये 1855 साली मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध आला होता. वय अवघं 14, फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेची विद्यार्थिनी. विचार करा, ग्रंथकारांच्या पहिल्या सभेच्या 23 वर्षं आधी एक मातंग मुलगी मराठीत छापून येत होती. म्हणजे लिहिणारी माणसं नव्हती, हे कारण टिकत नाही. लिहिणारी होती. 'ग्रंथकार' कोणाला म्हणायचं, हे ठरवणारी मंडळी वेगळी होती.

फुल्यांच्या नकारातून एक साधी कसोटी मिळते. बोलावणं कोणाला जातं, एवढं बघून थांबू नका. बोलावणारे कोण आहेत ते बघा. निमंत्रण देणं हा मोठेपणा झाला. निमंत्रितांची यादी करण्यात वाटा देणं हा अधिकार झाला.

पुढे काय झालं? दार किलकिलं झालं, पण फार हळू. संमेलनाला पहिल्या स्त्री अध्यक्ष मिळाल्या 1961 साली, ग्वाल्हेरला, कुसुमावती देशपांडे. म्हणजे 1878 पासून 83 वर्षांनी. मग 1975 साली कराडला दुर्गा भागवत, 1996 साली आळंदीला शांता शेळके, 2001 साली इंदूरला विजया राजाध्यक्ष, 2019 साली यवतमाळला अरुणा ढेरे आणि 2025 साली दिल्लीला तारा भवाळकर. 2025पर्यंतची 98 संमेलनं आणि सहा स्त्रिया. दलित लेखकाला अध्यक्षपद मिळायला 1984 साल उजाडलं, जळगावला शंकरराव खरात. अण्णाभाऊ साठे, बाबूराव बागूल, नामदेव ढसाळ, आपल्या जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातले दया पवार, यांच्यापैकी कुणीही त्या खुर्चीत बसलं नाही.

मग या मंडळींनी काय केलं? फुले म्हणाले होते तेच. स्वतःची व्यासपीठं उभी केली. 1958 साली मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन झालं, उद्घाटनाचं भाषण अण्णाभाऊ साठ्यांचं. 1979 साली भद्रावतीला आदिवासी साहित्य संमेलन. 1990 साली सोलापूरला मुस्लिम मराठी साहित्य संमेलन. 1999 साली धारावीत विद्रोही साहित्य संमेलन, अध्यक्ष बाबूराव बागूल. गंगाधर पानतावण्यांनी औरंगाबादहून 'अस्मितादर्श' चालवलं. पुष्कळ जण म्हणतात, एवढी संमेलनं कशाला, साहित्याची फाटाफूट होते. मला उलटं वाटतं. मराठी साहित्यात गेल्या साठ-सत्तर वर्षांत जे नवं आलं, ते बरंचसं या वेगळ्या चुलींवर शिजलं. तोटा झाला असेल तर तो ज्या मोठ्या घरात ही माणसं आली नाहीत, त्या घराचा झाला.

अर्थात चांगलं उदाहरणही आहे. 'ग्रंथाली' ही वाचक चळवळ सुरू झाली. तिने 1978 साली दया पवारांचं 'बलुतं' काढलं आणि 1980 साली लक्ष्मण मान्यांचं 'उपरा'. 'उपरा'ला पुढच्याच वर्षी साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. हे कसं घडलं? चळवळ वाचकांची होती, त्यामुळे कोणतं आयुष्य छापण्याजोगं आणि कोणती भाषा शुद्ध, हे ठरवण्याची जुनी पट्टी तिथे चालली नाही. त्या पुस्तकांतली भाषा घासूनपुसून प्रमाण केली असती, तर काय उरलं असतं?

आता मोठ्या संमेलनाकडून आपल्या तालुक्याकडे येऊ. आपल्याकडे दार कशाने बंद होतं? कुणी उभं राहून 'तुम्ही येऊ नका' असं म्हणत नाही. तसं म्हणणारा माणूस सापडला तर काम सोपं होईल. दार बंद करतात त्या चार-पाच साध्या गोष्टी.

पहिली, तारीख. आपल्याकडचे बहुतेक साहित्यिक कार्यक्रम डिसेंबर ते फेब्रुवारीत होतात. हवा चांगली असते, पाहुणे मिळतात. आता आपल्याच तालुक्यातलं ढवळपुरी घ्या, धनगर मेंढपाळांचं गाव. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन ही कुटुंबं घाट उतरून कोकणाकडे जातात आणि पावसाच्या तोंडाला परततात. ओव्या, सुंबरान, गजी नृत्य, एवढी मोठी मौखिक परंपरा ज्यांच्याकडे आहे, ती माणसं आपल्या प्रत्येक कार्यक्रमाच्या वेळी तालुक्याबाहेर असतात. नंतर आपणच म्हणतो, 'लोककलावाले येतच नाहीत हो.' एक कार्यक्रम श्रावणात ठेवून बघा.

दुसरी गोष्ट, वेळ. संध्याकाळी सहा. घरात स्वयंपाकाची वेळ, जनावरांची धार काढायची वेळ आणि वाडी-वस्तीवर जाणारी शेवटची एसटी चुकण्याची वेळ. मग श्रोत्यांत बायका कमी दिसल्या की निष्कर्ष निघतो, बायकांना साहित्यात रस नाही. ज्या बायकांनी जात्यावर बसून ओव्या रचल्या, त्यांना रस नाही! गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या आणि कोणती ओवी कुठल्या गावातल्या कुठल्या बाईने सांगितली, हेही लिहून ठेवलं. या बायकांपैकी कितीजणींच्या नावावर प्रकाशित पुस्तक असेल? आपल्या सभासदत्वाच्या नियमात त्या बसतील का?

नगरचंच उदाहरण घ्यायचं तर लक्ष्मीबाई टिळक. लग्न झालं तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. पुढे नगरला त्यांचं मोठं आयुष्य गेलं आणि 'स्मृतिचित्रे' हे मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांपैकी एक पुस्तक त्यांनी दिलं. लिहिता न येणारी बाई लेखिका होऊ शकते, याचा पुरावा आपल्या जिल्ह्याकडे आहे.

तिसरी गोष्ट, पैसा. आजीव सभासदाची फी पाच हजार ठेवली, की शेतमजूर, एकल महिला आणि कॉलेजची पोरं आपोआप बाहेर राहतात. मग मतदान करणारे तेच, निवडून येणारे तेच. मानधनाचंही तसंच. पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला गाडीभाडं, मुक्काम आणि पाकीट. स्थानिक शाहिराला शाल आणि नारळ. शाल-नारळ मानाचे आहेत, पण त्या दिवसाचा त्याचा रोज बुडालेला असतो.

चौथी गोष्ट, जिना. वाचनालय बऱ्याचदा पहिल्या मजल्यावर असतं. ज्याला जिना चढता येत नाही, त्याच्यासाठी ते वाचनालय नाहीच. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे 21 प्रकार मानले आहेत. आणि एक गोष्ट फार थोड्या संस्थांना माहीत आहे, ती मुद्दाम सांगतो. कॉपीराइट कायद्यात 2012 साली बदल झाला. अंध किंवा छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या दिव्यांग व्यक्तींसाठी, नफा न घेता, पुस्तक ध्वनिमुद्रित करायला किंवा ब्रेलमध्ये करायला शासनमान्य ग्रंथालयाला लेखक-प्रकाशकाची परवानगी लागत नाही. ती प्रत फक्त त्याच वाचकांना द्यायची आणि बाजारात जाऊ द्यायची नाही, एवढी काळजी घ्यायची. या विषयावरच्या जागतिक मराकेश कराराला 2014 साली मंजुरी देणारा भारत हा पहिला देश होता. म्हणजे कायदा आपल्या बाजूने आहे. एक बरा मोबाइल, एक शांत खोली आणि वाचायची हौस असलेले चार विद्यार्थी, एवढ्यावर हे काम सुरू होतं.

पाचवी गोष्ट सगळ्यात अवघड, कार्यकारिणी. आपल्या बहुतेक संस्था 1860च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि धर्मादाय आयुक्तांकडे सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या असतात. नोंदणीला किमान सात माणसं लागतात. ती सात माणसं कुठून येतात? एक गुरुजी पुढाकार घेतात, त्यांचे दोन सहकारी, एक मेहुणे, एक वर्गमित्र, झाली कार्यकारिणी. यात वाईट हेतू काहीच नसतो, उलट खिशातले पैसे घालून त्यांनी संस्था उभी केलेली असते. त्याबद्दल कृतज्ञताच हवी. पण 20 वर्षांनीही तीच सात माणसं असली, तर संस्था सार्वजनिक राहिली का? तिला करसवलत मिळते, अनुदान मिळतं, ग्रामपंचायतीची जागा मिळते. ते सगळं लोकांचं आहे.

यावर लगेच उत्तर येतं, 'आम्ही एक महिला घेतली आहे.' इथे ग्रामपंचायतीचा अनुभव आठवा. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना 50 टक्के आरक्षण आहे. तरी 'सरपंचपती' हा शब्द आपल्याला का लागतो? कारण खुर्ची मिळाली, पण सही करण्याआधी बोलण्याची जागा मिळाली नाही. पण दुसरी बाजूही खरी आहे. ज्या गावांत दुसरी-तिसरी बाई त्या खुर्चीवर आली, तिथे पुष्कळदा चित्र बदललं. एकटीला गप्प बसवणं सोपं असतं, तिघी असल्या की बैठकीचा सूर बदलतो. म्हणून संस्थेत 'एक प्रतिनिधी' ठेवणं जवळजवळ निरुपयोगी आहे. मग तो प्रतिनिधी बाईचा असो, दलितांचा असो, भटक्यांचा असो की मुसलमानांचा.

तर करायचं काय? घटनादुरुस्ती करा. कंटाळवाणं काम आहे, पण टिकतं तेच. पदाधिकाऱ्याला सलग दोनच मुदती. सभासदत्वासाठी पुस्तकाची अट काढा आणि 'लिहिणारे, सांगणारे, गाणारे, वाचणारे' असा शब्द घाला. फी हप्त्यांत घ्या, विद्यार्थ्यांना आणि मजुरांना नाममात्र ठेवा. कविसंमेलनाची यादी अध्यक्षांच्या वहीतून येऊ नये. जाहीर आवाहन करा, निवड समिती दर वर्षी बदला आणि समितीत निम्मी माणसं कार्यकारिणीबाहेरची घ्या. मानधनाचा एकच तक्ता करा आणि तो भिंतीवर लावा. कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांत बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात द्या, नाहीतर नवी माणसं कागदावर कधीच येत नाहीत आणि बँकेत सही जुन्यांचीच चालते.

आणि वर्षातून एकदा मोजा. वार्षिक सभेत हिशेबाबरोबर एक पान वाचा : या वर्षी व्यासपीठावर किती जण आले, किती गावांतून, किती बायका, किती जण पहिल्यांदाच, कुणाला किती मानधन. जात विचारू नका, माणसाला अवघडवू नका. नुसती गावं आणि वस्त्या लिहिल्या तरी पुरे. कोणत्या वस्तीचं नाव दहा वर्षांत एकदाही आलं नाही, ते आपोआप दिसतं.

पारनेर हे सेनापती बापटांचं जन्मगाव. 1914 साली त्यांना मुलगा झाला, तेव्हा बारशाला त्यांनी पहिली पंगत अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांची बसवली. त्या काळात 'त्यांनाही जेवायला घातलं' एवढं केलं असतं, तरी लोकांनी पुरोगामी म्हटलं असतं. बापटांनी पंगतीचा क्रम बदलला. क्रम कोण ठरवतो, हाच आजचा मुद्दा आहे.

यानंतर श्रोत्यांनी काही प्रश्न विचारले. त्यांतले दोन इथे घेतले आहेत.

प्रश्न : सर, असं सगळ्यांना घ्यायचं म्हटलं तर दर्जाचं काय? सुमार कविता ऐकून घ्यायच्या का?

उत्तर : सुमार कविता आपण आत्ताही ऐकतोच की! (हशा) फक्त त्या ओळखीच्या माणसांच्या असतात. दर्जा हवाच. पण दर्जा ठरवणारे सगळे एकाच मुशीतले असले, तर त्यांना एकाच चवीचं ओळखता येतं. 'बलुतं' आणि 'उपरा' यांनी दर्जा खाली आणला की दर्जाची व्याख्या रुंद केली? निवड कडक ठेवा, पण निवडणारे बदला. आणि नव्याने लिहिणाऱ्यांसाठी वर्षातून दोन कार्यशाळा घ्या. संधी न देताच परीक्षा घेणं हा काही दर्जाचा आग्रह नाही.

प्रश्न : आम्ही वस्तीवर जाऊन बोलावलं, तरी माणसं येत नाहीत. मग काय करायचं?

उत्तर : ताई, तुम्ही गेलात हे फार चांगलं केलंत. पण आपण त्यांना आपल्या कार्यक्रमाला बोलावतो. आधी त्यांच्याकडे जे चालू आहे तिथे जाऊन बसा. भजन असेल, जयंतीचा कार्यक्रम असेल, शाहिरी असेल. श्रोता म्हणून जा, सत्कार स्वीकारायला नको. तिथे कोण रचतं, कोण गातं, कोण टिपणं ठेवतं, ते बघा. मग पुढच्या कार्यक्रमाची बैठक त्यांच्याच ओट्यावर घ्या आणि तारीख, वेळ, विषय त्यांना ठरवू द्या. एका फेरीत होणार नाही. आपण कित्येक वर्षं गेलो नाही, त्यांनी दोन वर्षं वाट बघायला लावली तर तक्रार करू नये.

2024च्या ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. त्याच मराठीतल्या ओव्या, सुंबरान, लावणीचे फड, वस्तीवरची भजनं ज्यांच्या तोंडी आहेत, ती माणसं आता सत्तरी-ऐंशीची आहेत. त्यांच्यासाठी आपल्या संस्थेच्या नियमावलीत ओळ घालायला एक सर्वसाधारण सभा लागते. ती येत्या वार्षिक सभेत घाला, एवढीच विनंती करतो आणि थांबतो.